वायर ताणली तर घसरतो, सोडली तर ओढतो

माझ्या मोटरसायकलच्या क्लचची वायर ताणली की गिअर अलगद पडत, पण घाटात गाडी चढत नसे. वायर सैल सोडली की घाट बऱ्यापैकी चढे, पण मग न्यूट्रल सापडत नसे, आणि रेल्वे फाटकापाशी क्लच पूर्ण दाबून उभा असलो तरी गाडी पुढच्या रिक्षाला ढुसणी द्यायला निघे. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी बरोबर जागा असते, वायर ताणायचा-सैल करायचा ॲडजस्टर अर्धा-अर्धा आटा फिरवत ती शोधायची असते, असं सगळे सांगतात. चांगल्या क्लचमध्ये ती असतेच. माझ्या गाडीत ती उरली नव्हती, आणि का उरली नव्हती हेच सगळं निदान होतं.

गाडी सव्वाशे सीसीची, चार गिअरची, जुनी घेतलेली. माझं काम ठिबकचं. चाळीसगाव, भडगाव, मेहुणबारे या पट्ट्यात केळीच्या नि लिंबूच्या बागांमध्ये लाइन टाकून द्यायची, बंद पडली तर दुरुस्त करायची. मागच्या सीटवर सोळा एमएमच्या नळीचं बंडल, बॅगेत ग्रोमेट, टेकऑफ, फिल्टरची जाळी. अधूनमधून कन्नड घाट चढून वरच्या गावांनाही जावं लागतं. सपाटीवर गाडीबद्दल तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मे महिन्यात, बोढऱ्याच्या पुढे चढ लागल्यावर. तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिनाचा आवाज वर जायचा आणि वेगाचा काटा तिथेच. ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचं, पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि गाडी नुसती ओरडतेय.

इथे पहिली गल्लत होते. "गाडी ओढत नाही" हे एकच वाक्य आपण दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना वापरतो. इंजिनातच ताकद नसेल, म्हणजे एअर फिल्टर चोंदलाय, प्लग गेलाय, कार्बोरेटरात कचरा आहे, तर मूठ पिळूनही आवाज वाढत नाही, इंजिन गुदमरतं. क्लच घसरत असेल तर उलट: इंजिन मोकळं सुटल्यासारखं पळतं, चाक मात्र त्याच्याबरोबर येत नाही. माझ्या गाडीला आरपीएमचा काटा नाही, त्यामुळे हे कानानेच ओळखावं लागलं. मेहुणबाऱ्याच्या रस्त्यावर एक सरळ, सपाट तुकडा आहे. तिथे चौथ्या गिअरमध्ये चाळीसचा वेग धरला आणि मूठ एकदम पूर्ण उघडली. आवाज आधी चढला, वेग नंतर मागून आला. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हे कळत नाही, कारण तिथे गाडी लगेच पुढे सुटते. वरच्या गिअरमध्ये तिला तसं सुटता येत नाही, इंजिनाचा सगळा जोर क्लचवर साठतो आणि कमजोर क्लच तिथे पकड सोडतो.

बायपासवरच्या एका गॅरेजात दाखवली. पोराने लिव्हर दोनदा दाबली, उभ्या गाडीला रेस दिली आणि म्हणाला, "प्लेटा गेल्या दादा. सेट टाकून घ्या, संध्याकाळी गाडी घेऊन जा." प्लेटा गेल्या होत्या हे पुढे खरंही निघालं. पण उभ्या गाडीला न्यूट्रलमध्ये रेस देऊन क्लचबद्दल काय कळतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

ठिबकमध्ये शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही म्हणून कोणी आख्खी लाइन उपटत नाही. आधी फिल्टर बघायचा, मग व्हॉल्व्ह, मग सबमेन, मग लॅटरल. फुकटात जे तपासता येतं ते आधी. तीच सवय इथे लावली.

गाडी डबल स्टँडवर घेतली आणि मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवलं. मोकळं फिरलं, म्हणजे ब्रेक अडकत नव्हता. ब्रेक शू चिकटून राहिले तरी घाटात गाडी जड होते आणि माणूस क्लचला शिव्या घालतो. मग चेन. स्प्रॉकेटचे दात झिजून टोकदार झाले असतील तर चेन दातावरून उडी मारते, तेव्हा "खट्" असा झटका बसतो. घसरणारा क्लच झटका देत नाही, तो गुळगुळीत घसरतो. चेन ठीक होती.

मग लिव्हर. लिव्हरच्या टोकाशी मोजलेली मोकळी हालचाल, ज्याला मिस्तरी लोक प्ले म्हणतात, ती अशा बहुतेक गाड्यांना दहा ते वीस मिलिमीटर लागते. म्हणजे लिव्हर ओढायला लागल्यावर सुरुवातीचा एवढा भाग सैल गेला पाहिजे आणि त्यानंतर स्प्रिंगचा जोर हाताला लागला पाहिजे. इंजिन थंड असताना पट्टी धरली. प्ले जवळजवळ शून्य. लिव्हरला बोट लावताच वायर ताठ. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर आणखी ताठ.

प्ले नसला की काय होतं? क्लच म्हणजे तेलात बुडालेली प्लेटांची चवड. माझ्या गाडीत पाच घर्षणाच्या आणि त्यांच्या मधे चार स्टीलच्या. घर्षणाच्या प्लेटा बाहेरच्या कडेला कान असलेल्या, त्या आउटर नावाच्या बाहेरच्या वाडग्याबरोबर म्हणजे इंजिनाबरोबर फिरतात. स्टीलच्या प्लेटा आतल्या हबबरोबर, म्हणजे गिअरबॉक्सबरोबर. स्प्रिंगा ही चवड दाबून धरतात तोवर सगळं एक होऊन फिरतं. लिव्हर दाबली की स्प्रिंगांचा दाब उचलला जातो आणि प्लेटा सुट्या होतात. वायर कायमच ताठ असेल तर आपण हात न लावताही स्प्रिंगांचा थोडा दाब उचललेला राहतो. सतत अर्धवट दाबलेला क्लच घेऊन गाडी चालते. सपाटीवर भागतं, घाटात भागत नाही.

वायर सैल केली. वरचा, लिव्हरपाशी असलेला ॲडजस्टर पूर्ण आत घ्यायचा आणि मुख्य सेटिंग खाली, इंजिनापाशी करायचं, म्हणजे पुढे बारीक फरकासाठी वरचा शिल्लक राहतो. प्ले पंधरा मिलिमीटरच्या आसपास ठेवला. घसरणं पुष्कळ कमी झालं. पण गाडी तापली की चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अजून थोडं होतंच. आणि नवीनच दुखणं पुढे आलं: न्यूट्रलमधून पहिला टाकताना "खाड्" असा आवाज, उभ्या गाडीत न्यूट्रल मिळेना, पहिल्यात क्लच दाबून धरला तरी गाडी पुढे सरके. क्लच आता सोडतच नव्हता.

डबल स्टँडवर याची चाचणी सोपी आहे. इंजिन सुरू, पहिला गिअर, लिव्हर पूर्ण दाबलेली. मागचं चाक थोडं फिरणारच, कारण प्लेटांच्या मधलं तेलसुद्धा थोडं ओढून नेतं. इंजिन थंड असेल तर जास्तच. पायाने हलका ब्रेक लावायचा. चाक निमूट थांबलं आणि इंजिनाच्या आवाजात फरक पडला नाही तर ठीक. माझं चाक थांबलं, पण थांबताना इंजिन दबलं, बंद पडता पडता राहिलं.

आता तेलाचा संशय राहिला होता. तो घ्यायलाच हवा, कारण जुन्या गाडीत आधीच्या माणसाने कुठलं तेल ओतलं हे आपल्याला माहीत नसतं. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात. कारच्या काही पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. इंजिनाला ती बरी, ओल्या क्लचला घातक. म्हणून कॅनच्या मागच्या बाजूला जासो हे जपानी मानक शोधायचं. एमए किंवा एमए-टू लिहिलेलं असेल तर क्लचला चालतं. एमबी असेल तर ते अशा क्लचसाठी नाही, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी ठीक. दुकानदार "सगळे टू-व्हीलरवाले हेच नेतात" म्हणतो, तेव्हाही कॅन उलटून बघायला पैसे पडत नाहीत. जुनं तेल काढलं तर काळं होतं आणि जळक्या वासाचं. नवीन टेन-डब्ल्यू-थर्टी, एमए लिहिलेलं, टाकलं. प्लेटांत मुरलेलं जुनं तेल लगेच निघत नाही म्हणून काही दिवस चालू दिली. काडीचा फरक पडला नाही. तेल निर्दोष सुटलं. पण तेल बदलणं हे प्लेटा बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तेव्हा हा क्रम मी पुन्हाही असाच ठेवीन.

भडगावकडच्या एका शेतकऱ्याने एका म्हाताऱ्या मिस्तरीचा पत्ता दिला. लोक त्यांना नाना म्हणतात. पत्र्याची शेड, बाहेर लिंबाखाली खाट, पाटी-बिटी काही नाही. मी सगळी कहाणी सांगितली. त्यांनी गाडीला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "पयले काय व्हयनं, क्लच घसरना का गिअर अडकना?"

मी म्हणालो, घसरणं आधी, गिअरचं नंतर.

"तुना हातमा. तुना आधीना मालकना हातमा काय व्हतं?"

ते मला कसं माहीत असणार? पण नानांनी ते गाडीलाच विचारलं. बाहेरून दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टींवरून त्यांनी जे काढलं ते मी आधी लक्ष देऊन बघितलेलंच होतं, फक्त जोडलं नव्हतं. गाडी आली तेव्हा दोन्ही ॲडजस्टर कुठे होते? वरचा जवळजवळ शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर, खालचाही ताठ बाजूला. खालचा ॲडजस्टर जागेवर धरणाऱ्या चेकनटची कड पाना घसरून गोल झालेली. म्हणजे कोणीतरी वायर पुन्हा पुन्हा ताणली होती. का ताणतात? एक तर वायर जुनी होऊन लांबली म्हणून. पण वायर नवी होती, वरचं काळं आवरण कुठे तडकलेलं नव्हतं, लिव्हरपाशी एकही तार सुटलेली नव्हती. दुसरं, प्लेटा झिजल्या म्हणून? तिथे तर उलटं असतं. प्लेटा झिजल्या की चवड बारीक होते आणि प्ले आपोआप कमी होतो. अशा वेळी वायर सैल करावी लागते, ताणावी नाही. उरलं तिसरं कारण: गिअर अडकत होते, क्लच पूर्ण सोडत नव्हता, आणि तो सुटावा म्हणून कोणीतरी वायर ताणली. मग गिअर पडायला लागले. गाडी विकायलाही मोकळी झाली.

म्हणजे अडकणं आधीचं, घसरणं त्याच्या इलाजातून आलेलं. "दोन आजार नही शे तुनी गाडीले," नाना म्हणाले. "एक आजार, एक गोळीना वास." शेवटचं मला तेव्हा कळलं नाही. खोलल्यावर कळलं.

खोलायचं काम त्यांच्या नातवाने केलं, नाना खाटेवरून बघत होते. तेल काढलं, किक काढली, उजव्या बाजूचं साइड कव्हर सोडवलं. कव्हर निघताच खरोखर वास आला, जळक्या ब्रेकसारखा. हबचा नट काढायला त्यांच्याकडे चार खाचांचा खास सॉकेट होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण छिन्नी लावून हातोडीने तो नट फिरवणारे गॅरेज मी पाहिले आहेत. नटाच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या की आधी कोणी कसं काम केलं ते कळतं. चार स्प्रिंगांचे बोल्ट आलटून पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल केले, म्हणजे चवड दाबून धरणारी प्रेशर प्लेट तिरकी होत नाही.

घर्षणाच्या प्लेटा व्हर्नियरने मोजल्या. अशी नवी प्लेट साधारण तीन मिलिमीटरची असते आणि तीन-चार दशांश गेले की ती बाद धरतात. माझ्या झिजल्या होत्या, पण झिजेपेक्षा वाईट म्हणजे त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता. नख फिरवलं तर घसरत जाई. स्टीलच्या प्लेटांवर निळसर-जांभळे डाग, ते तापल्याची खूण. त्या एकेक करून जाड काचेवर ठेवल्या आणि कडेखालून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं पातं, सरकवला. ०.२० मिलिमीटरच्या आसपासचं पातं आत जायला लागलं की प्लेट वाकली असं धरतात. दोन प्लेटांखाली ते सहज गेलं. स्प्रिंगा नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या केल्या, चारही किंचित बुटक्या. हे सगळं घसरण्याचं फळ: घसरणं, त्याची उष्णता, उष्णतेने पकड आणखी कमी, म्हणून आणखी घसरणं. म्हणूनच वायर सैल करूनही घाटात थोडी कसर राहिली होती.

पण मूळ दुखणं प्लेटांत नव्हतंच. नानांनी आउटर मागून घेतला. हा ॲल्युमिनियमचा वाडगा, त्याला उभ्या बोटांसारखे दांडे, आणि दांड्यांच्या मधल्या फटींत घर्षणाच्या प्लेटांचे कान बसतात. त्यांनी माझा अंगठा धरून दांड्याच्या आतल्या कडेवरून वर-खाली फिरवला. नख अडकलं. पुन्हा अडकलं. प्रत्येक प्लेटच्या जागी कानाने ठोकून ठोकून एकेक खाच पाडली होती. लिव्हर दाबली की प्लेटांनी या फटींतून किंचित बाजूला सरकायला हवं, तरच चवड सुटते. कान खाचेत बसला तर तो सरकत नाही. वायर जास्त ताणली की दाब जास्त उचलला जातो, थोडी जास्त जागा मिळते, कान कसाबसा खाचेतून निघतो. म्हणून ताणल्यावर गिअर पडत होते.

उभ्या गाडीत, न्यूट्रलमध्ये येणारी बारीक खडखड, जी लिव्हर दाबली की कमी होते, तीसुद्धा बऱ्याचदा याच आउटरची असते. माझ्या गाडीत ती होती. मला ती जुन्या गाडीची खडखड वाटत होती, आणि विकणाऱ्यानेही तसंच सांगितलं होतं.

"नव्या प्लेटा टाकशी, महिनाभर मजा," नाना म्हणाले. "मंग नव्या कान जुन्या खाचमा बसतीन, आनि तू परत वायर ताणशी."

बायपासवरच्या पोराने सांगितलेला सेट टाकला असता तर हेच झालं असतं. सेटमध्ये प्लेटा आणि स्प्रिंगा असतात, आउटर नसतो. क्लचमधला सगळ्यात महाग भाग तोच, म्हणून गिऱ्हाईक विचारत नाही आणि मेकॅनिक सांगत नाही. खाच उथळ असेल तर बारीक कानसीने कड सपाट करून काम चालतं. मी ते विचारलं. नानांनी नकारार्थी मान हलवली: खाच खोल आहे, एवढं घासलं तर दांडा बारीक होईल, कानाला जास्त जागा मिळेल आणि ठोका आणखी जोरात बसेल. त्यांच्या नकारात मला अनुभव दिसला, विक्री नाही, कारण आउटर त्यांच्याकडे नव्हताच. चाळीसगावातही मिळाला नाही. धुळ्याहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मागवला. तोवर गाडी शेडमध्ये उघडी पडून, आणि मी लोकांच्या मागे बसून बागा फिरलो.

आउटर आल्यावर बसवणं लवकर झालं. नव्या घर्षणाच्या प्लेटा आदल्या संध्याकाळीच इंजिन ऑइलमध्ये भिजत घातल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही मिनिटांतच जळू शकतात. स्टीलच्या प्लेटा, स्प्रिंगा नव्या, चारही एकदम. वायर तीच ठेवली. कव्हरचं पॅकिंग नवं, नवीन तेल. जुनं पॅकिंग परत लावून वर बॉण्ड चोपडायची पद्धत आपल्याकडे आहे, ती नानांच्या शेडमध्ये चालत नाही.

मग नातवाने प्ले पंधरा मिलिमीटरवर आणला आणि स्टँडवर तीच चाचणी केली: पहिला गिअर, लिव्हर दाबलेली, हलका ब्रेक. चाक थांबलं, इंजिनाला पत्ताही लागला नाही. न्यूट्रल बोटाने टाकावा तसा पडला. घाटात दुसऱ्या दिवशी नळीचं बंडल बांधूनच गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये आवाज आणि काटा बरोबर चढले.

नानांनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. नव्या प्लेटा बसतात तशी चवड जराशी बारीक होते, म्हणून काहीशे किलोमीटर झाले की प्ले पुन्हा बघायचा, वायर सैल करावी लागेल. तसंच झालं, प्ले दहाच्या खाली आला होता, खालचा चेकनट सोडून तो परत पंधरावर नेला. दुसरी गोष्ट सवयीची: घाट उतरताना आणि गर्दीत दोन बोटं लिव्हरवर ठेवायची नाहीत. ते मला जड जातंय.

एक गोष्ट मात्र अजून होते. थंडीच्या दिवसांत पहाटे पहिला गिअर टाकला की "खट्" होतं आणि गाडी इंचभर पुढे झेपावते. रात्रभर उभ्या गाडीत प्लेटा थंड, घट्ट तेलाने एकमेकींना चिकटतात, त्याचं हे. नानांना फोन केला तर म्हणाले, क्लच दाबून धर, इंजिन बंद ठेवून दोन-तीन किका मार, मग सुरू कर. तसं केलं की आवाज येत नाही. आळस आला की येतो.